अंगावरचे दूध : शिफारस कोणाला?



आज आम्ही घेतलेला विषय काहींना फारच घरगुती वाटेल. आईने मुलाला अंगावर किती दिवस पाजावे, हा प्रश्न माजघरातला; तो भरसभेत कशाला आणायचा, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याचा राग आम्ही धरीत नाही. परंतु हा प्रश्न माजघरात राहिलेला नाही. जागतिक परिषदांनी त्यावर ठराव केले, वैद्यकमंडळांनी पत्रके काढली, कायदेमंडळांनी कायदे केले आणि वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. एवढ्या मंडळींनी जो विषय चव्हाट्यावर आणला, त्याचा नीट विचार करणे हे आता तुमचेआमचे काम झाले आहे.

वाद कोठे पेटला ते प्रथम सांगतो. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नावाची मोठी संस्था आहे. ती सरकारी नव्हे. पण त्या देशात तिचा शब्द जवळजवळ सरकारी शब्दाइतकाच मानला जातो. १९९७ साली या संस्थेने सांगितले की, मुलाला निदान १२ महिने अंगावर पाजावे. २०१२ साली सांगितले, वर्षभर किंवा त्याहून अधिक. आणि २७ जून २०२२ रोजी तिने जाहीर केले की, पहिले सुमारे ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे, पुढे इतर अन्नाबरोबर ते चालू ठेवावे, आणि आई व मूल या दोघांची इच्छा असेल तर २ वर्षे किंवा त्यापुढेही पाजावे. अशा आईला वैद्यांनी पाठबळ द्यावे.

यात जगावेगळे काही नव्हते. १९९० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी अनेक राष्ट्रांनी मिळून जे घोषणापत्र काढले त्यातही २ वर्षांचाच आकडा होता, आणि जागतिक आरोग्य संघटना आजही तेच सांगत आहे. मग अमेरिकेत एवढे काहूर का उठले? कारण वेळ मोठी चमत्कारिक होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाळांच्या दुधाची भुकटी करणारा मिशिगन राज्यातील एक मोठा कारखाना बंद पडला होता, आणि डबे मिळेनासे झाल्यामुळे आईबाप दुकानांमागून दुकाने पालथी घालीत होते. गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अवघ्या तीन दिवसांपूर्वी, २४ जूनला लागला होता. अशा घटकेला ‘२ वर्षे पाजा’ हे शब्द कानी पडले, तेव्हा पुष्कळ स्त्रियांना वाटले की, आपल्या देहावर आणखी एक हुकूम सुटला.

त्या म्हणाल्या, आम्हांला पगारी रजा नाही, बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांत कामावर परतावे लागते, आणि तुम्ही वर्षांच्या गोष्टी सांगता? ज्यांना दूधच येत नाही, ज्या औषधोपचारामुळे पाजू शकत नाहीत, त्यांनी स्वतःला गुन्हेगार समजावे की काय? दुसरीकडे काही आयांनी या पत्रकाचे मनापासून स्वागत केले. वर्षाच्या पुढे पाजणाऱ्या बाईकडे तेथे लोक विचित्र नजरेने पाहतात, म्हणून अशा कित्येक जणी ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात. त्यांना वाटले, चला, आपण काही जगाबाहेरचे करीत नाही असे कोणी तरी म्हटले. म्हणजे एकच वाक्य एकीला दिलासा वाटले आणि दुसरीला ठपका. या दोघींपैकी एक खोटे बोलते असे आम्हांला वाटत नाही.

तेव्हा शास्त्र काय म्हणते ते आधी पाहू. पहिल्या ६ महिन्यांविषयी फारसा मतभेद नाही. पुढच्या काळाविषयी जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ६ ते १२ महिन्यांच्या मुलाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी निम्मे किंवा अधिक, आणि दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश उष्मांक आईच्या दुधातून मिळू शकतात. आईलाही लाभ आहे. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याप्रमाणे, पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका शेकडा सुमारे ४ ने कमी होतो.

पण शास्त्राचा दुसरा भागही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. बेलारूस देशात १९९६-९७ साली १७,०४६ मायलेकरांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णालयांतून आयांना पाजण्यासाठी विशेष साहाय्य दिले, बाकीच्यांतून नेहमीचीच पद्धत ठेवली. साहाय्य मिळालेल्या गटातील मुलांना पहिल्या वर्षात पोटाचे विकार आणि त्वचेचा इसब कमी झाला. साडेसहा वर्षांच्या वयात बुद्धिमापनात ती काहीशी पुढे दिसली. पण पुढे लठ्ठपणा किंवा दमा कमी झाल्याचे आढळले नाही. म्हणजे आईचे दूध हे मोठे हितकारक अन्न आहे. सर्व व्याधींवरचा अंगारा नव्हे. पाणी अशुद्ध आणि दवाखाना दूर असेल तेथे ते प्राण वाचवते. पाणी शुद्ध आणि डॉक्टर जवळ असेल तेथे त्याचा लाभ राहतो, पण लहान होतो. हा भेद वगळून जो बोलतो तो आयांना उगाच घाबरवतो.

आणि त्याच प्रयोगातील एक बारीक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. बेलारूसमध्ये मूल ३ वर्षांचे होईपर्यंत आईला रजा घेता येत असे. तेथे आईला शिकवले आणि तिला ते करता आले, कारण करायला वेळ होता. अमेरिकेत काय स्थिती आहे? १९९३ च्या कायद्याप्रमाणे १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि साधारणतः ५० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणीच. पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा त्या संपन्न राष्ट्रात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एक कायदा झाला. त्याने कामावरच्या बहुतेक आयांना दूध काढून ठेवण्यासाठी सवड आणि शौचकूप नसलेली जागा देण्याचे बंधन मालकांवर घातले. हे चांगलेच झाले. पण ते बंधन १ वर्षापुरते आहे. वैद्य २ वर्षे सांगतात, कायदा १ वर्ष देतो, आणि दरमहाचे भाडे भरायचे असलेली आई १२ आठवड्यांच्या आतच कामावर हजर होते.

याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०१९ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलांपैकी शेकडा ८३ मुलांना आईने पाजायला सुरुवात केली. ६ महिन्यांला हा आकडा ५६ वर आला, वर्षाला ३६ वर. यावरून कोणी म्हणेल, बायकांना इच्छाच नाही. पण तेथलेच सरकारी आरोग्यखाते सांगते की, शेकडा ६० आयांना जितके दिवस पाजायचे मनात होते तितके दिवस पाजता आले नाही. इच्छा होती, निश्चय होता. आड आले ते दुसरेच काही. आता ज्या बाईला करायचे आहे आणि करता येत नाही, तिला ‘कर’ म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

येथे त्या वैद्यमंडळालाही न्याय दिला पाहिजे. २०२२ च्या त्यांच्या पत्रकात पगारी रजा हवी, कामाच्या जागी पाळणाघर हवे, दूध काढण्यास सवड आणि स्वच्छ जागा हवी, विम्याने खर्च उचलावा, अशा मागण्या स्वच्छ लिहिल्या आहेत. ‘आई व मूल यांची इच्छा असेल तर’ हे शब्दही आहेत. पण गावभर झालेल्या चर्चेत यांपैकी काय उरले? ‘२ वर्षे’ एवढेच! असे का व्हावे? आमच्या मते याचे कारण असे की, शिफारस जसजशी वरून खाली येते तसतशी ती आटत आणि कडक होत जाते. परिषदेत ती सरासरीचा निष्कर्ष असते, दवाखान्यात ती सल्ला होते, आणि सासूबाईंच्या किंवा शेजारणीच्या तोंडी ती आज्ञा बनते. सरकारकडे आणि मालकाकडे बोट दाखवणारा भाग वाटेत गळतो. आईकडे बोट दाखवणारा तेवढा घरापर्यंत पोचतो. कारण आईला सांगायला पैसा पडत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे रडगाणे. आपल्याकडे तर मुले दीडदोन वर्षे अंगावर पितातच. खरे आहे. दुसऱ्या वर्षात पाजणे हे आपल्याकडे नवल नव्हे. सहाव्या महिन्यात हलके अन्न सुरू करावे हे सुश्रुतसंहितेत आहे, आणि उष्टावणाचा संस्कार आपण अजून करतो. पण म्हणून आपल्याला या वादातून काही शिकायचे नाही असे समजू नये. आपली गाठ वेगळ्या जागी बसली आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मापाप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज ६०० आणि पुढचे ६ महिने ५२० उष्मांक नेहमीपेक्षा जास्त लागतात. म्हणजे तिच्या ताटात चांगल्या दोनतीन भाकऱ्यांची भर पडली पाहिजे. डाळ, दूध, पालेभाजी वेगळीच. आणि स्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शेकडा ११ च्या आसपास भरली. या दोन आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. जिच्या ताटात भर पडत नाही ती आई मुलाला स्वतःच्या अंगातून देते. आणि ६ महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला जो वरणभात, जी भाजी, जे अंडे मुलाला हवे ते न मिळाल्यामुळे मूल दुधावरच रेंगाळते. अशा घरात २ वर्षे पाजणे होतेच, पण ते शिफारशीमुळे नव्हे, दुसरे काही नसल्यामुळे. तेव्हा वाटीत काय पडते ते न विचारता केवळ महिने मोजणे हे आपल्याकडे निरर्थक आहे.

आणि वेळेचा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, हे १९२० नंतरच्या सरकारी चौकशीत नमूद झाले आहे. त्या बायकांना अफू वाईट हे ठाऊक नव्हते काय? त्यांना अंगावर पाजायचे नव्हते काय? पण भोंगा झाला की निघायचे, आणि परत येईतो मूल रडता कामा नये. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ होते. तास कमी करणारे थोडे.

त्या थोड्यांपैकी एकाचे स्मरण येथे केले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांच्या कल्याणाची चिंता हे मुळात सरकारचे काम असल्याने या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून त्यालाही यातून सुटता येणार नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, आणि तो देशातील अशा तऱ्हेचा पहिला कायदा ठरला. त्या चर्चेत आईने कसे वागावे याचा काथ्याकूट नव्हता. आईच्या विश्रांतीचे पैसे कोणी द्यायचे, हा सरळ प्रश्न होता. जवळजवळ शंभर वर्षे होत आली, तरी या विषयावर याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला आम्हांला दिसत नाही.

पुढे घटनेच्या ४२ व्या कलमात प्रसूतिसाहाय्याचा उल्लेख झाला. १९६१ साली देशभराचा कायदा झाला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर, अशी सोय झाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या, ही तरतूद आधीपासूनच होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सारे घेतले आहे. २६ आठवडे म्हणजे बरोबर ६ महिने! शिफारस आणि रजा यांचा हिशेब एकदा तरी जुळला, याचे समाधान मानायला हरकत नाही.

पण हे कोणाकरिता? कचेरीतल्या, बँकेतल्या, शाळेतल्या बाईकरिता. आपल्या देशात काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया असंघटित आहेत. त्यांच्या हजेरीपटावर नावच नसते. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला हजारो कुटुंबे ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून उचलही कोयत्यावर घेतली जाते. बाई फडात न गेली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. तिचे तान्हे फडाच्या कडेला झोळीत असते. ही बाई पाजत नाही काय? पाजते, मोळी बांधता बांधता. तिच्यासाठी सरकारी मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलाच्या वेळी ५,००० रुपये मिळतात. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात निदान ६,००० रुपये लिहिले आहेत. यातून किती दिवसांची मजुरी भरून निघते, याचा हिशेब श्रोत्यांनी घरी करावा.

याच्या उलट जुन्या लोकांच्या शिफारशी पाहा. आमच्या आज्यांनी बाळंतिणीला पुष्कळ उपदेश केला; पण हाती डिंकाचा लाडू ठेवून केला. सव्वा महिना तिला कामाला लावायचे नाही असा दंडक होता. अळीव, खारीकखोबरे, शेकशेगडी ही सारी शिफारशीची सामग्री होती. सर्वच घरांत ती होती असे आम्ही म्हणत नाही. गरिबाघरी नव्हती, आणि मुलगी झाली म्हणून लाडू आखडल्याच्या गोष्टीही आपल्याला ठाऊक आहेत. पण उपदेशाबरोबर शिधा द्यावा लागतो एवढे त्यांना कळत होते. कुराणातही २ पूर्ण वर्षांचा उल्लेख आहे. तो ज्यांना ती मुदत पुरी करायची आहे त्यांच्यासाठी. आणि त्याच ठिकाणी आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर घातला आहे, व दोघांनी विचाराने आधी तोडायचे ठरवले तर दोष नाही असेही सांगितले आहे. मुदत, खर्च आणि मोकळीक या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी आल्या. आजच्या शिफारशींच्या प्रसारात मुदत तेवढी मोठ्या अक्षरांत असते.

मग डॉक्टरांनी गप्प बसावे काय? मुळीच नव्हे. ते गप्प बसले तर बोलायला दुसरे टपलेलेच आहेत. १९८१ साली मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने डबाबंद दुधाच्या विक्रीवर मर्यादा घालणारी संहिता संमत केली, तेव्हा ११८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. विरुद्ध मत एकट्या अमेरिकेचे होते. आपल्या देशाने १९९२ साली कायदा करून अशा दुधाच्या जाहिराती बंद केल्या. तो कायदा योग्यच आहे. शिफारशीवर रागावलेल्या आईला ‘तुझा निर्णय तूच घे’ असे गोड बोलणारा डब्याचा व्यापारी तिच्या स्वातंत्र्याचा कैवारी असतो असे नव्हे. डबा ज्या मुलाला लागतो त्याला तो अवश्य मिळावा, शुद्ध मिळावा. पण व्यापाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शास्त्राने आपला निष्कर्ष निर्भीडपणे सांगावा. पण कोणतीही शिफारस आईला सांगण्यापूर्वी ती जिने पाळायची तिच्या वेळेचा, ताटाचा आणि जागेचा खर्च कोण देणार, हे तिच्या शेजारीच लिहावे. तो खर्च द्यायला कोणी तयार नसेल तर ती शिफारस आईला न सांगता आधी कायदेमंडळाला, कारखानदाराला, मुकादमाला आणि घरच्या पुरुषाला सांगावी. आणि एवढे सारे देऊनही जी म्हणेल की मला आता पुरे, तिला कोणी कारण विचारू नये.

हे काम काही सारेच सरकारचे नाही. आपल्या कचेरीत बाळाची आई परत कामावर येईल तेव्हा तिला दाराला कडी असलेली एक खोली मिळते की नाही, हे उद्या सकाळी तुम्ही पाहू शकता. आपल्या घरी मोलकरणीचे तान्हे मूल असेल तर त्याला पाजायला ती केव्हा जाते, हे आज रात्रीच विचारू शकता. तिला २ वर्षांचा आकडा सांगण्याची गरज नाही. तिला दुपारी एक तास मोकळा द्या, पगार न कापता द्या, आणि निघताना हातावर काही खायला ठेवा. तेवढे केले म्हणजे या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार आपल्याला येईल.